रँकिंग नंतर बघ, आधी नोकरीच्या जाहिराती वाच

प्रश्न: मी इतिहासात बीए केलंय आणि 14 महिने एका छोट्या संस्थेत पाण्याच्या सर्व्हेचं काम करतेय. इंटरनॅशनल रिलेशन्स किंवा डेव्हलपमेंटमध्ये परदेशात मास्टर्स करायचंय. रँकिंग बघून 11 युनिव्हर्सिटींची लिस्ट केलीय. मॅथ्स शाळेनंतर सुटलं ते सुटलंच. बाबा विचारतात, एवढं कर्ज काढून शेवटी यूएनमध्ये लागशील का? एसओपीचा (म्हणजे हा कोर्स का करायचाय हे सांगणाऱ्या, अर्जासोबतच्या निबंधाचा) ड्राफ्ट सोबत जोडलाय, कसा आहे ते खरं सांगा.

खरं सांगा म्हणालीस म्हणून एसओपीपासूनच सुरू करते. पहिली ओळ आहे "लहानपणापासून मला जगासाठी काहीतरी करायचं होतं". अगं, ही ओळ तू लिहिलेलीच नाहीस, ती सगळ्यांच्या ड्राफ्टमध्ये आपोआप उगवते. त्यापुढे दीड पान जागतिकीकरण, हवामान बदल, शाश्वत विकास असं सगळं आहे आणि त्यात तू कुठेच नाहीस. मग तिसऱ्या पानावर, अगदी जाता जाता, एक वाक्य येतं की सर्व्हेच्या फॉर्मवर "पाणी मिळतं का" याला फक्त हो आणि नाही एवढेच पर्याय होते, बायका "हो" म्हणायच्या आणि मग हळूच "पण पहाटे चारला गेलं तर" असं जोडायच्या, म्हणून तू "किती वेळ थांबावं लागतं" असा एक कॉलम वाढवलास आणि त्यावरून सुपरवायझरशी वाजलं कारण फॉर्म पैसे देणाऱ्यांकडून आलेला होता. मी तिथे थांबले आणि परत वाचलं. तुझा एसओपी इथून सुरू होतो! फॉर्म काय विचारत होता, लोक काय सांगत होते, मधला फरक तुला कसा दिसला, कॉलम वाढवल्यावर आकडे कसे बदलले, आणि तेव्हा तुला काय येत नव्हतं म्हणून आता शिकायचंय. हे पहिल्या अर्ध्या पानात आलं पाहिजे. हवामान बदलाबद्दल अर्ज वाचणाऱ्या कमिटीला तुझ्याकडून काही नवीन कळणार नाहीये.

आता लिस्ट. तुझ्या 11 नावांत निदान तीन वेगवेगळ्या जातीचे कोर्स एकत्र झालेत. आयआर (इंटरनॅशनल रिलेशन्स) म्हणजे मुख्यतः देश, परराष्ट्र धोरण, सुरक्षा, आंतरराष्ट्रीय कायदा. डेव्हलपमेंट म्हणजे गरिबी, शेती, आरोग्य, सरकारी योजना खाली पोचतात का, आणि पोचल्या हे मोजायचं कसं. त्यात परत एक फाटा आहे, काही कोर्स रिसर्चकडे म्हणजे पुढे पीएचडीकडे नेतात आणि काही थेट नोकरीसाठी असतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचं साइस, टफ्ट्सचं फ्लेचर, कोलंबियाचं सिपा, जॉर्जटाउनचा एमएसएफएस ही नोकरीवाली मंडळी, मास्टर्स साधारण दोन वर्षांचं. इंग्लंडात एलएसई किंवा ससेक्सला बहुतेक मास्टर्स एकाच वर्षाचं, म्हणजे खर्च कमी पण श्वास घ्यायला वेळ नाही, जेमतेम स्थिरावतेस तोवर डिसर्टेशनचा विषय मागतात. जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट 1927 पासूनची, तिथे फ्रेंच येत असेल तर फायदाच. यात कोण कितव्या नंबरावर हे मी मुद्दाम लिहित नाहीये.

त्याऐवजी एक काम कर. युनिव्हर्सिटींच्या साइट बंद कर आणि ज्या नोकऱ्या तुला पाच वर्षांनी करायला आवडतील अशा 20 जाहिराती शोधून वाच. रिलीफवेब नावाची साइट आहे, मानवतावादी मदत आणि डेव्हलपमेंटच्या नोकऱ्या तिथे ढिगाने दिसतात. प्रत्येक जाहिरातीत "आवश्यक" खाली काय लिहिलंय तेवढंच एका शीटमध्ये उतरव. तुझ्या आवडीच्या कामांत मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन (योजनेचा परिणाम मोजणं), सर्व्हे डिझाइन, स्टाटा किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर, एखादी दुसरी भाषा हेच परत परत येईल असा माझा अंदाज आहे, राजनयाचा इतिहास फारसा येणार नाही. मग ती शीट शेजारी ठेवून कोर्सचे विषय बघ. माझ्या मते 11 मधली पाच-सहा नावं स्वतःहूनच गळतील. तुझं त्या कॉलमचं प्रकरण वाचून तर मला वाटतं तू आयआरची नाहीसच, डेव्हलपमेंटची आहेस. पण हे तू ठरव.

मॅथ्सचं. इतिहासवाल्यांना घेतात, अगदी घेतात, पण साइससारख्या ठिकाणी इकॉनॉमिक्सवर भर असतो आणि मायक्रो-मॅक्रो टाळता येत नाही. हार्वर्ड केनेडी स्कूलचा एमपीए-आयडी हा डेव्हलपमेंटचा मास्टर्स तुझ्या लिस्टवर चौथा आहे, तो खोडून टाक, तिथे कॅल्क्युलसचा भक्कम पाया लागतो आणि तो सहा महिन्यांत होत नाही. पण बाकीच्यांसाठी रस्ता आहे. एमआयटीचा डेटा, इकॉनॉमिक्स आणि डेव्हलपमेंट पॉलिसीचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स (मास्टर्सच्या पातळीच्या काही कोर्सचा संच) आहे, बॅनर्जी आणि डुफ्लो यांच्या टीमचा (2019 चं नोबेल मिळालं तेच दोघं). त्यातला एक कोर्स तरी नीट परीक्षा देऊन पास हो. एसओपीत "मला मॅथ्स शिकायची तयारी आहे" असं लिहिण्यापेक्षा ते एक सर्टिफिकेट दहापट बोलतं. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी आता ऐच्छिक आहे, पण मॅथ्स कच्चं दिसतंय अशा प्रोफाइलला तिच्यातल्या क्वांट म्हणजे गणिताच्या भागाचा चांगला स्कोअर मदत करतो, जमलं तर दे.

रेकमेंडेशनबद्दल माझी एक जुनी चूक सांगते. एका मुलाला मी म्हटलं होतं, सगळ्यात मोठ्या पदावरच्या माणसाचं पत्र घे. पत्र आलं, चार ओळींचं, आणि नाव बदललं असतं तर कुणालाही चाललं असतं. त्याला सगळीकडून नकार आला, तो पत्रामुळेच आला असं म्हणणार नाही मी, पण तेव्हापासून हा सल्ला बंद केला. तू त्या सुपरवायझरचंच पत्र घे. हो, ज्याच्याशी वाजलं त्याचंच, शेवटी त्याने तो कॉलम ठेवला ना? दोन महिने आधी विचार आणि सोबत अर्धं पान टिपणं दे, कुठलं काम, कधी, काय निघालं. लोकांना आठवत नाही गं.

बाबांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. यूएनमध्ये पी-2 ही सुरुवातीची प्रोफेशनल लेव्हल, तिला साधारणपणे मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि उमेदवार जगभरातून. वर हे दिवस वाईट आहेत. अमेरिकेची परदेशी मदत देणारी 1961 पासूनची सरकारी संस्था यूएसएड 2025 मध्ये गुंडाळली गेली, तिचे बहुतेक प्रोग्राम रद्द झाले, ब्रिटननेही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 वर आणायचं ठरवलंय, यूएनमध्येही पदं कमी होतायत. म्हणजे दहा-पंधरा वर्षं अनुभव असलेली माणसं आत्ता तुझ्याच रांगेत उभी आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत, पूर्ण कर्जावर या क्षेत्रातलं मास्टर्स करू नकोस. सुरुवातीच्या पगारात तो हप्ता निघत नाही आणि मग लोक नाइलाजाने भलत्याच नोकरीत अडकतात. बाबांना सांग की यूएन हे एकच दार नाही, सरकारी खाती, रिसर्च संस्था, फाउंडेशन, कंपन्यांचे सामाजिक विभाग सगळ्यांना नीट मोजता येणारी माणसं लागतात.

तेव्हा स्कॉलरशिप आधी, युनिव्हर्सिटी नंतर. युरोपियन युनियनचे इरॅस्मस मुंडस जॉइंट मास्टर्स बघ, दोन-तीन देशांत शिकवतात, फी माफ आणि महिन्याला 1400 युरो, अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत. चेवनिंग ही ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप एका वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्ससाठी, पण त्याला 2800 तासांचा अनुभव लागतो. आठवड्याला 40 तास धरले तर ते 70 आठवडे होतात आणि तुझे 14 महिने म्हणजे साठ-एकसष्ट, म्हणजे अजून दोन-अडीच महिने कमी आहेत, शिवाय अनुभव ग्रॅज्युएशननंतरचाच मोजतात. परत येऊन दोन वर्षं मायदेशात राहायची अटही आहे, ती घरी आधीच बोलून ठेव. अमेरिकेतल्या बहुतेक डेडलाइन डिसेंबर-जानेवारीत, एलएसईला जागा भरतील तसे कोर्स बंद होत जातात, तिथे लवकर टाक.

नवा ड्राफ्ट दोन पानांत बसव आणि पाठव. त्याआधी एक कर, तो कॉलम वाढवला त्या दिवशीचा सुपरवायझरसोबतचा ईमेल शोधून काढ आणि जुन्या-नव्या फॉर्मचे फोटोही ठेव. कॉलमआधी किती घरांचं "हो" होतं आणि नंतर त्यातली किती घरं तासाभराहून जास्त थांबत होती, हे दोन आकडे मला ड्राफ्टच्या पहिल्या परिच्छेदात हवेत.