आजोबांची लष्करी पेटी : आधी ओळख, मग जपणूक, खरेदी सगळ्यात शेवटी

आपण विचारले आहे की, भंडारा जिल्ह्यातील आपल्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची लोखंडी पेटी सापडली, तिच्यात आखूड लोकरी कोट, जाड सुती पट्टा, पाण्याची बाटली आणि दोन पदके आहेत. तर या वस्तू स्वच्छ कशा कराव्यात, आणि हिरवा शर्ट व रुंद काठाची टोपी बाजारातून घेऊन संच पूर्ण करावा का? मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि गेली वीस वर्षे असे गणवेश जमवतो. माझे स्पष्ट मत आहे की सध्या आपण काहीही धुऊ नये आणि काहीही विकत घेऊ नये.

पट्टीवर तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे सारख्या रुंदीचे पट्टे असलेले तारांकित पदक आपण वर्णिले आहे, ते ‘इटली स्टार’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेसाठी दिलेले पदक होय. भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन इटलीत लढल्या आणि तिथल्या डोंगराळ हिवाळ्यात लोकरी कोट ही गरजच होती. म्हणजे आपला कोट आणि आपले पदक एकमेकांची साक्ष देतात. हिरवा शर्ट आणि ती टोपी ब्रह्मदेशाच्या जंगलातल्या लढाईची ओळख आहे. ती या कोटाशेजारी ठेवली, तर पाहणाऱ्याला संच भरगच्च वाटेल, पण आजोबांचा इतिहास खोटा होईल. ज्याच्या धन्याचे नाव ठाऊक आहे असा एकच कोट माझ्या लेखी बाजारातून जुळवलेल्या दहा संचांहून मोलाचा आहे.

ते नाव बहुधा आपल्या हातातच आहे. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र बहुधा क्रमांक, नाव आणि पलटण उमटवलेली असते, तारांकित पदकावर मागच्या बाजूला आणि गोल पदकावर कडेला. म्हणूनच चिंच, राख किंवा पितळ घासण्याचे पॉलिश यांपैकी काहीही पदकांना लावू नका, कारण अक्षरे एकदा झिजली की परत येत नाहीत. पट्ट्यावर आणि कोटाच्या आतल्या बाजूला सरकारी बाणाचा शिक्का शोधा; बाणासोबत इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असेल, तर ती वस्तू भारतातल्या सरकारी साठ्यातील आहे.

धुण्याविषयी इतक्या आग्रहाने लिहितो, त्यालाही कारण आहे. अगदी सुरुवातीला मी असाच एक कोट साबणाच्या पाण्यातून काढून मे महिन्याच्या उन्हात अंगणात वाळत घातला. तो आटला, त्याचा रंग उडाला आणि अस्तरावरचा शाईचा शिक्का पुसून गेला. तो शिक्का हाच त्या कोटाचा एकमेव पुरावा होता, आणि त्याची हळहळ मला आजही आहे.

कोट सावलीत पसरून मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडावा. शिवणीत कसर दिसल्यास तो प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये. त्यानंतर खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटात गुंडाळावा आणि घड्यांच्या आत त्याच कापडाच्या गुंडाळ्या ठेवाव्यात, म्हणजे घडीवर लोकर तुटत नाही. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. आपल्याकडे उन्हाळ्यात टिनाखालची खोली भट्टीसारखी तापते आणि आषाढात तीच ओलावते, त्यामुळे पेटी माळ्यावरून उतरवून घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून वर, विटांवर ठेवावी. बाटलीवरचे लोकरी आवरण काढू नये.

कायद्याचेही सांगतो. घरात जुना गणवेश जपणे हा गुन्हा नाही; मात्र आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी तो घालणे हा गुन्हा आहे. पेटीच्या तळाशी काडतूस आढळल्यास त्याला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे. जिवंत दारूगोळा परवान्याविना बाळगता येत नाही.

पदकांवरील क्रमांक मिळाला की तो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला कसे लिहायचे ते विचारा. तोवर दोन्ही पदकांच्या कडांचे आणि मागच्या बाजूंचे छायाचित्र तिरक्या उजेडात काढून इथे टाका. झिजलेली अक्षरे वाचण्याचा मला सराव आहे.