नव्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर जड वाटतो? पेचांना हात लावण्याआधी वजन टांगून पाहा

आपली तक्रार मला अशी समजली. परभणीत दीड वर्ष क्लबच्या जुन्या एअर पिस्तुलावर सराव केल्यानंतर आपण साठवलेल्या पैशांतून नवे पिस्तूल घेतले आणि पहिल्याच दिवशी हिरमोड झाला. ट्रिगर जड लागतो, शेवटी खरखरत सरकतो आणि नेमका कधी सुटेल याचा अंदाज येत नाही. त्यात रायफल चालवणाऱ्या मित्राने ‘ट्रिगर पिसासारखा हवा’ असे सांगितले. आता पेच सैल करावेत की पिस्तूल विकून इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सध्या दोन्ही करू नयेत.

मित्राचे म्हणणे त्याच्या रायफलपुरते खरे आहे, कारण १० मीटर एअर रायफलमध्ये ट्रिगरच्या वजनाला, म्हणजे तो सुटण्यासाठी बोटाने द्याव्या लागणाऱ्या भाराला, किमान मर्यादाच नाही. एअर पिस्तुलाचा ट्रिगर मात्र नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो आणि २५ मीटर पिस्तुलाचा १००० ग्रॅमचा. म्हणजे आपल्याला जे जड वाटते आहे, त्यातले बरेचसे नियमानेच आलेले आहे. क्लबचे पिस्तूल हलके वाटत होते, कारण अशा पिस्तुलाचा पेच दर वर्षी कोणीतरी थोडा थोडा सैल केलेला असतो आणि ते मोजून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. आपले बोट कदाचित चारशे ग्रॅमला सरावलेले असेल. तसे असेल तर नव्या पिस्तुलाकडे दोष जात नाही.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. माझे पहिले पिस्तूल मी लातूरला घरी बसून, बोटाला बरे वाटेल इतके हलके करून घेतले होते. राज्यस्तरीय स्पर्धेच्या तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवले आणि ते टेबलावरून अधांतरी होण्याआधीच हवा सुटल्याचा आवाज आला. तीन वेळा संधी मिळते; माझ्या तिन्ही वाया गेल्या. बाजूला जाऊन घाईघाईने पेच आवळला, पुन्हा तपासणी करून घेतली आणि उभा राहिलो, तेव्हा हातात स्वतःचेच पिस्तूल असून ट्रिगर परक्याचा होता. पहिल्या दहा शॉट्सना ८१ गुण मिळाले.

म्हणून आधी नव्या आणि क्लबच्या, दोन्ही पिस्तुलांचे ट्रिगर मोजा. त्यासाठी मोंढ्यातल्या किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे लोखंडी माप पुरते, मात्र झिजलेले माप कमी भरते, म्हणून तार वाकवून केलेल्या आकड्यासह ते एकदा सराफाच्या काट्यावर तोलून घ्या. नळीत पेलेट (छर्रा) नाही याची दोनदा खात्री करा, मग सिलिंडरमध्ये हवा असताना पिस्तूल कॉक करून (सुटण्यासाठी सज्ज करून) नळी सरळ वर धरा, आकडा ट्रिगरच्या मध्यावर अडकवा आणि पिस्तूल वर नेत माप टेबलावरून सावकाश उचला. ड्राय फायरच्या, म्हणजे हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबण्याच्या, स्थितीत केलेली मोजणी धरू नका, कारण स्पर्धेतही हवेचा दाब असलेल्या अवस्थेतच मोजतात. माप उचलले गेले आणि पिस्तूल सुटले नाही, तर ट्रिगर नियमात आहे.

यानंतर खरा विचार करायचा तो या ५०० ग्रॅमच्या वाटणीचा. आपल्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे: पहिल्या टप्प्यात बोट काही अंतर मागे जाते, मग एक भिंत लागते आणि त्या भिंतीवर थोडा अधिक भार दिला की शॉट सुटतो. एकूण वजन तेच ठेवूनही पहिला टप्पा हलका आणि भिंत जाड असेल तर ट्रिगर जड वाटतो. उलट भाराचा मोठा हिस्सा पहिल्या टप्प्यातच उचलला गेला की शेवटचा भाग काच तडकल्यासारखा स्वच्छ लागतो. माझ्या पिस्तुलात पहिल्या टप्प्यात साधारण ३८० आणि दुसऱ्यात १४० ग्रॅम आहेत. वरचे वीस ग्रॅम तपासणीच्या टेबलासाठी. या दोन्हींचे पेच वेगळे असतात आणि माहितीपुस्तिकेत दाखवलेले असतात. एका वेळी एकच पेच, तोही पाव फेरा फिरवा आणि मूळ स्थिती वहीत लिहून ठेवा.

तिसऱ्या एका पेचाला मात्र हात लावू नका. ट्रिगरच्या आत सिअरच्या (ट्रिगर सुटेपर्यंत यंत्रणा रोखून धरणाऱ्या भागाच्या) दोन पोलादी कडा एकमेकींत अडकलेल्या असतात आणि त्या किती खोल अडकाव्यात हे तो पेच ठरवतो. कडी कोयंड्यात खोल गेली असेल तर काढताना घासत येते, पण नुसती टोकावर टेकली असेल तर दार आपटताच निघते. घासणे टाळण्याच्या नादात ही पकड फार कमी केली, तर बोट न लावताही धक्क्याने पिस्तूल सुटू शकते.

खरखरीबद्दल मला वेगळीच शंका आहे. नव्या लाकडी ग्रिपची (मुठीची) कड जाड असते आणि ट्रिगर मागे नेताना बोटाची बाजू तिच्यावर घासते. बोटाला ते ट्रिगर घासल्यासारखेच जाणवते. पकड घेऊन बोट आणि ग्रिप यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी सरकवून पाहा. ती अडकली, तर तेवढी जागा पॉलिश पेपरने उतरवावी लागेल किंवा ट्रिगरचे पाते थोडे पुढे घ्यावे लागेल. पट्टी मोकळी सरकली आणि तरीही खरखर राहिली, तर विक्रेत्याकडे तक्रार करणे रास्त आहे. शिलाई मशीनचे तेल मात्र आत सोडू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या फुफाट्यात त्या तेलाचा आठ दिवसांत चिखल होतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर निःसंशय अधिक स्वच्छ सुटतो, पण ५०० ग्रॅमची अट त्यालाही आहे आणि त्यात बिघाड झाला तर इथे, मराठवाड्यात, तो उघडून दुरुस्त करणारा माणूस मिळणे अवघड आहे. साधी यंत्रणा निदान समजून तरी घेता येते.

मोजणी झाली की मला दोन गोष्टी कळवा: क्लबच्या पिस्तुलाने अर्धा किलो उचलला का, आणि कागदाची पट्टी कुठे अडकली.