अंबडच्या मशीन शॉपमध्ये सुट्टीच्या दिवशीही कॉम्प्रेसर लोड घेतो, म्हणजे हवा दाबून भरत राहतो. दुसरा कॉम्प्रेसर घ्यावा का?

एवढ्यात नको, आधी हवेची गळती मोजा. यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर लोड घेतोय म्हणजे ती हवा गळतीतच जातेय. साप्ताहिक सुट्टीला यंत्रं बंद ठेवा, पण लाइनचे व्हॉल्व्ह उघडे हवेत. कॉम्प्रेसर चालवून पाच-सहा वेळचा लोड आणि अनलोडचा (हवा न भरता रिकामं फिरण्याचा) वेळ घड्याळ लावून टिपा. लोड 90 सेकंद, अनलोड 210 सेकंद आला तर 90 भागिले 300, म्हणजे गळती 30 टक्के. 300 सीएफएमच्या (मिनिटाला 300 घनफूट हवा देणाऱ्या) कॉम्प्रेसरची 90 सीएफएम हवा फुकट! दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

मग गळती शोधायला साबणाचं पाणी घेऊन फिरा:
- एफआरएलचे (हवेचं फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) बाउल, पुश फिटिंग, ब्लो गनचे होज
- ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप सोडणारा. कचरा अडकून हा उघडाच राहतो आणि कुणी बघत नाही.

7 बारला 3 मिमीचं एक भोक साधारण 4 ते 5 किलोवॅट खातं. गळती काढल्यावर प्रेशर सेटिंगही उतरवून बघा, 1 बार कमी केला की वीज 6-7 टक्के वाचते.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) कॉम्प्रेसरला मात्र हे गणित लागू नाही, तिथे कॉम्प्रेसर बंद करून रिसीव्हरचं (हवेच्या टाकीचं) प्रेशर किती वेळात उतरतं ते मोजा.