हापूस विकायचाय? आधी बाहेरचं वारं बघा

पहिल्याच वर्षी पुण्या-मुंबईत घरपोच पेट्या आणि जमलं तर युरोपात माल, हा तुमचा बेत मला आवडला. जरूर करा. फक्त ब्रँडचं नाव, लोगो, खोका यांत गुंतण्याआधी आपल्या हातात नसलेल्या गोष्टी बघा. नवखे नेमके इथेच चुकतात.

पहिलं हवामान. मोहोरावर अवकाळी पाऊस पडला की फळ कमी येतं, उशिरा येतं. त्यामुळे पाडव्याच्या पेट्यांचा भाव आधीच कबूल करू नका. झाडावर कैरी सुपारीएवढी दिसली की मग बोला.

दुसरं, समोरच्या देशाचा कायदा. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा बंद केला, तोही ऐन हंगामात! बंदी उठली २०१५ मध्ये. अमेरिकेला विकिरण केलेला, म्हणजे किडीचा धोका टाळायला किरणांचा मारा दिलेला आंबा लागतो, आणि ते काम त्यांच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली व्हायचं. २०२० मध्ये कोविडमुळे त्यांचे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि तिकडची निर्यात थांबली, ती सुरू झाली २०२२ मध्ये. सगळा माल एकाच देशावर लावू नका, ते यासाठी.

घरच्या बाजारासाठी एवढं पाळा:
- फळं झटपट पिकवायच्या कार्बाइड या रसायनाला बंदी आहे. पेंढ्याच्या अढीतच पिकवा. पेटी उघडताच सुटणारा घमघमाट हीच तुमची जाहिरात.
- हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) मिळालंय. त्याचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा.

डॉलरचा दर, विमानभाडं पुढच्या वर्षी बघू. यंदा शंभर पेट्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना द्या आणि प्रत्येकाला फोन करून फळ कसं निघालं ते विचारा.