आधुनिक कोड एडिटरमध्ये डेव्हलपरना नेमकी कोणती फीचर्स हवी असतात?

तुम्ही लिहिलंय की हौस म्हणून स्वतःचा एडिटर लिहायला घेतलाय, फीचर्सची यादी चाळीसच्या वर गेलीय आणि त्यातलं आधी काय घ्यावं ते कळत नाही. मी स्वतः एडिटर लिहिलेला नाही. पण रोजचे आठ-नऊ तास एडिटरमध्येच जातात, दोन-तीन छोटी प्लगिन लिहिली आहेत आणि आजवर चार एडिटर सोडले आहेत. एकही एडिटर मी फीचर कमी पडलं म्हणून सोडला नाही. म्हणून सोडण्याच्या कारणांपासूनच सुरुवात करतो.

पहिला सोडला तो टायपिंगमुळे. की दाबली आणि अक्षर किंचित उशिरा उमटलं की डोक्यातला धागा तुटतो. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची असते, 120 हर्ट्झवर 8.3. बफर (मेमरीतला मजकूर) बदलणं आणि ती ओळ पुन्हा रंगवणं एवढ्या वेळात उरकायला हवं. चुका शोधणं, सूचना आणणं, इंडेक्स बनवणं ही कामं मागे, दुसऱ्या थ्रेडवर किंवा वेगळ्या प्रोसेसमध्ये चालू द्यात. त्यांच्यासाठी टायपिंग एकदाही थांबता कामा नये.

इथे लोक लगेच म्हणतात, इलेक्ट्रॉन (वेब तंत्रज्ञानातून डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं साधन) घेऊ नका, ते जड असतं. जड आहे खरं, पण दोष दर वेळी त्याचाच नसतो. इलेक्ट्रॉनवरच बांधलेल्या व्हीएस कोड या एडिटरचंच घ्या. एका वापरकर्त्याला 35 एमबीची फाइल उघडता येईना. फाइल फार मोठी नव्हती, पण तिच्यात 1 कोटी 37 लाख ओळी होत्या आणि एडिटर प्रत्येक ओळीसाठी वेगळा ऑब्जेक्ट बनवत होता. त्यामुळे 35 एमबीसाठी सुमारे 600 एमबी मेमरी जात होती. 2018 मध्ये त्यांनी आतली रचनाच बदलून पीस टेबल आणलं. त्यात मूळ मजकुराला हात लावत नाहीत, नवं टाइप केलेलं वेगळ्या बफरमध्ये साठतं आणि 'इथून इतकं मूळचं, मग इतकं नवं' एवढीच तुकड्यांची नोंद एका ट्रीमध्ये ठेवतात. मजकूर कसा साठवायचा हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. पीस टेबल घ्या किंवा रोप (मजकुराचे तुकडेच ट्रीमध्ये ठेवणारी रचना) घ्या, पण ओळींचा साधा अ‍ॅरे नको. नंतर तो काढायचा म्हणजे अख्खं घर उकरावं लागतं.

दुसरा एडिटर सोडला कारण त्याने माझं काम गिळलं. फाइल सेव्ह होत असताना मशीन बंद पडलं आणि पुन्हा चालू केल्यावर फाइल शून्य बाइटची. तो एडिटर आधी जुनी फाइल रिकामी करायचा आणि मग नवा मजकूर लिहायचा. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो, दर दोन ओळींनी कंट्रोल-एस. तुम्ही शेजारी तात्पुरती फाइल लिहा, ती डिस्कवर खरंच पोचली याची खात्री करा आणि मगच तिला मूळ नाव द्या. (यात एक खाच आहे. फाइल सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) असेल तर रिनेमने लिंकच उडते आणि परवानग्याही बदलू शकतात. ते आधी तपासा.) सेव्ह न केलेले टॅब एडिटर पुन्हा उघडल्यावर जसेच्या तसे दिसले पाहिजेत. हे यादीत कोणी मागत नाही, कारण ते असणारच असं सगळे धरून चालतात.

आता भाषेच्या समजुतीकडे येऊ: व्याख्येवर उडी मारणं, नाव बदललं की सगळीकडे बदलणं, टाइप करताना पर्याय दिसणं. यातलं काहीही स्वतः लिहू नका. जून 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेनव्ही या कंपन्यांना सोबत घेऊन लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला, म्हणजे एडिटर आणि भाषा समजणारा वेगळा प्रोग्रॅम (सर्व्हर) यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. त्याआधी दहा एडिटर आणि वीस भाषा म्हटल्या की दोनशे जोडण्या कराव्या लागायच्या. आता तीसात भागतं. तुम्ही एडिटरच्या बाजूने बोलणारा एक क्लायंट लिहिला की तयार सर्व्हर आपोआप हाताशी येतात. डिबगरसाठीही याच धर्तीवर डिबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉल आहे. कोड रंगवायला ट्री-सिटर (कोडची रचना ओळखणारी तयार लायब्ररी) घ्या. अर्धवट, मोडका कोड असला तरी ते सांभाळून घेतं, आणि टाइप करत असताना कोड बहुतेक वेळ मोडकाच असतो.

लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये माझ्या प्लगिनची फजिती झाली तीही सांगतो. ओळीतली जागा मूळ नियमानुसार यूटीएफ-16 (युनिकोड अक्षरं साठवायची एक पद्धत) च्या एककांत मोजायची असते. मी मोजत होतो बाइट. इंग्रजी अक्षरांना दोन्हींत एकच, त्यामुळे महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका ओळीत मराठी स्ट्रिंग आली आणि तिच्यापुढच्या चुकीची लाल रेघ भलतीकडेच पडली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं आणि यूटीएफ-16 मध्ये 1 एकक. 'क्षि' पाहा: डोळ्यांना एक अक्षर, आत चार चिन्हं, म्हणजे 12 बाइट. 2022 मध्ये आलेल्या प्रोटोकॉलच्या 3.17 आवृत्तीपासून मोजायची पद्धत दोन्ही बाजू आपसात ठरवू शकतात, पण जुने सर्व्हर अजून चालू आहेत. आणि कृपा करून उजवा बाण एकदा दाबल्यावर कर्सर अख्ख्या 'क्षि'च्या पलीकडे नेऊन ठेवा. अक्षराच्या पोटात अडकणारा कर्सर मी नावाजलेल्या एडिटरमध्येही पाहिलाय.

कीबोर्डबद्दल लोक हळवे असतात, आणि ते बरोबरच आहे. एच, जे, के, एल या कींनी कर्सर हलवायची सवय व्हीआय या जुन्या एडिटरची, आणि ती आली कुठून, तर बिल जॉय यांनी व्हीआय ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर लिहिला त्याच्या याच चार कींवर बाण छापलेले होते. पन्नास वर्षं होत आली, बोटं अजून तिथेच आहेत. विम मोड (व्हीआयच्या पुढच्या अवतारासारख्या कीबोर्ड आज्ञा) द्यायचा तर नीट द्या. चार आज्ञा चालणारा आणि पाचवीला गप्प बसणारा मोड नसलेलाच बरा. एकाच वेळी अनेक जागी टाइप करू देणारे मल्टिपल कर्सर आणि नाव टाइप करून कोणतीही आज्ञा शोधता येणारं कमांड पॅलेट मात्र पहिल्या आवृत्तीतच हवं.

एआय सूचना हव्यातच, आज त्यांच्याशिवाय कोणी एडिटरकडे फिरकणार नाही. माझी तक्रार फक्त टॅब कीची. तीच की इंडेंट करते, तीच कम्प्लीशन घेते आणि तीच राखाडी अक्षरांतली एआयची सूचनाही स्वीकारते. मला चार स्पेस हव्या असतात आणि पदरात पडतं अख्खं फंक्शन. सूचनेला वेगळी की ठेवायची सोय द्या आणि एआय पूर्ण बंद करायचं बटण तीन मेन्यूंच्या आत लपवू नका.

थीम, मिनिमॅप (बाजूला दिसणारं फाइलचं छोटं चित्र), आयकॉन नंतर. टर्मिनल नसलं तरी चालतं, ते शेजारच्या खिडकीत असतंच. गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) म्हणाल तर बदललेल्या ओळींवर समासात खूण आणि बरा डिफ (जुन्या-नव्यातला फरक) एवढ्यावर माझं भागतं. कोडची मांडणी बदलणारा फॉरमॅटर मात्र आपण होऊन चालू ठेवू नका. एकदा मी तीन ओळी बदलून फाइल सेव्ह केली आणि रिव्ह्यूला गेल्या चारशे.

एक गोष्ट तुमच्या यादीत दिसली नाही. अनोळखी फोल्डर उघडलं की त्यातल्या सेटिंग्ज आणि टास्क आपोआप चालवू नका, आधी विचारा. व्हीएस कोडने हे 2021 मध्ये आणलं. त्याच वर्षी ट्रोजन सोर्स नावाचा हल्लाही उघड झाला. त्यात मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य युनिकोड चिन्हं घालून कोड दाखवायचा एक आणि चालवायचा दुसरा. अशी चिन्हं ठळक करून दाखवणं एका संध्याकाळचं काम आहे.

पहिली आवृत्ती झाली की एक कोटी ओळींची फाइल उघडा, मधोमध जाऊन भराभर टाइप करा आणि सेव्ह चालू असतानाच प्रोसेस किल करा. काय उरलं ते इथेच कॉमेंटमध्ये लिहा, मी वाट बघतोय.