गेम अडकतोय? आधी डम्प तपासा
एम्युलेटरमध्ये (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पहिल्या प्लेस्टेशनचा गेम अडकला की लगेच सेटिंग बदलू नका. आधी डम्पचा, म्हणजे डिस्कवरून काढलेल्या प्रतीचा (डिस्क इमेजचा) हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा ओळख-आकडा, रेडम्प या अचूक डम्पची यादी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी जुळवा. खराब डम्प असेल तर बाकी सगळी खटपट वाया जाते. गेम क्यू फाइलवरून (.cue, डिस्कवरच्या ट्रॅकची यादी) उघडा, नुसत्या बिनवरून (.bin, डिस्कचा डेटा) नको, नाहीतर सीडीवरचं संगीत वाजत नाही. बायॉस (कन्सोलचा मूळ, सुरू करणारा प्रोग्रॅम) ५१२ केबीचा, गेमच्याच प्रदेशाचा हवा. युरोपीय गेम मध्येच गोठत असेल तर लिबक्रिप्ट या कॉपीविरोधी संरक्षणाचा संशय घ्या; त्यासाठी लागणारी माहिती असलेली, त्या गेमची एसबीआय (.sbi) फाइल क्यूशेजारी, त्याच नावाने ठेवा.

चित्र बिघडतंय? सॉफ्टवेअर रेंडरर (ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर चित्र काढणारा पर्याय) लावून पाहा. तिथे नीट दिसलं तर दोष वाढीव ग्राफिक्सचा: रिझोल्यूशन मूळ करा, मग एकेक सेटिंग, तेही त्या गेमपुरतंच. एम्युलेटर अपडेट करण्याआधी मात्र मेमरी कार्डातच सेव्ह करा. जुनी सेव्ह स्टेट (एम्युलेटरने साठवलेली त्या क्षणाची स्थिती) नव्या आवृत्तीत उघडेलच असं नाही.