तारीख पुढे गेलेल्या बहिणीला

सलाम बहिणी,

इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयातल्या नर्सच्या नोकरीची ऑफर हातात आहे, रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे गेली आणि नगरची नोकरी तर सोडून झाली. प्रार्थना केली तरी पोटात गोळा येतो, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का, असं तू विचारलंस.

नाही गं. बायबलमधलं बेचाळिसावं स्तोत्र काढून वाच. तिथे स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू इतका खिन्न का, आणि त्याच दमात म्हणतो, मी देवाचं स्तवन करीनच. खिन्नता आणि स्तवन एकाच ओठांवर.

मी 2021 मध्ये लेस्टरला आले. इथे आल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा असते, ऑस्की म्हणतात तिला. दहा स्टेशनं, आणि एका अर्जावर तीनच संधी. ती पास होऊन पिन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा क्रमांक, येईपर्यंत स्टाफ नर्स म्हणून काम करता येत नाही. मी पहिल्या वेळी जखमेच्या ड्रेसिंगला नापास झाले. निर्जंतुक हातमोजा ट्रेच्या कडेला लागला आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. निकाल आला त्या रात्री घरी फोन करायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून युनिफॉर्मला इस्त्री करत होते. बाहेर मिट्ट काळोख. गावच्या उपासनेत आजी म्हणायची ते गीत आपोआप तोंडात आलं. भिंत पातळ, म्हणून अगदी हळू म्हणत होते. दुसऱ्या कडव्याला पलीकडच्या खोलीतून तीच चाल ऐकू आली, मल्याळममध्ये. केरळची सिस्टर राहायची तिथे. इस्त्री तशीच हातात धरून मी उभी राहिले. शब्द कळत नव्हते, पण शेवटचं कडवं आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी मिळून संपवलं. परीक्षेचं काय होणार हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

मी तुला सांगतेय ती स्तुती ही. बायबलमधले पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, तेव्हा पाय खोड्यात होते आणि दार उघडणार हे कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून "विश्वास ठेव, व्हिसा मिळणारच" असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहा. हबक्कूक संदेष्टा तर म्हणतो, अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या "तरी"वर मी इथले सगळे हिवाळे काढलेत.

विश्वास आहे म्हणून सावधपणा सोडू नकोस. भरतीसाठी एजंटने तुझ्याकडे पैसे मागितले तर देऊ नकोस, इथल्या आचारसंहितेत ते बसत नाही. नवी तारीख लेखी माग. दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेव. आणि तोवर जवळच्या दवाखान्यात काम मिळालं तर घे, त्यात कमीपणा नाही.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मंडळी, म्हणजे चर्च, शोध. रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लागण्याआधी वॉर्ड मॅनेजरला सांग की महिन्यातले निदान दोन रविवार सकाळी मोकळे हवेत. दर वेळी मिळतीलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. इंग्रजी उपासनेत बऱ्याच चाली ओळखीच्या निघतील, कारण आपल्याकडे त्या मिशनऱ्यांबरोबरच आल्या. मात्र ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणावर रचलेली भजनं तिथे कुणाला येत नाहीत. त्यांची आठवण इतकी येते की घसा दाटतो. म्हणून गीतांचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेव, मोठी बॅग कधीकधी मागे राहते. मोबाईलमध्ये सगळं असलं तरी आईच्या पेन्सिलच्या खुणा असलेलं पुस्तक ते पुस्तक.

आणि आजपासूनच रोज एक गीत मोठ्याने म्हण, मनातल्या मनात नको. आईलाही बरोबर बसव. वाट तीही पाहतेय.

कुठलं शहर मिळतंय ते कळव. जवळची मंडळी मी शोधून ठेवते.